मामांचा विश्वासू ब्राउझर

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी आयुष्यात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवला, आणि ती म्हणजे त्यांचा स्वतःचा संशय. पेणच्या बाजारात वांगी घेताना ते आधी वांगीवालीकडे बघतात आणि मग वांग्यांकडे. स्टेशनवर गाडी वेळेवर येत असल्याचं जाहीर झालं की ते बाकावर ऐसपैस टेकून बसतात, कारण आता ती नक्की उशिरा येणार. मी मुलगी बघायला हमरापूरला गेलो तेव्हा बाकीच्यांनी मला शिक्षण, नोकरी, रोह्यातलं घर असं रीतसर विचारलं. मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी मला उजेडाकडे तोंड करून बसवलं, हनुवटी जरा वर करायला लावली आणि चांगली पाच मिनिटं माझ्या डोळ्यांत बघत राहिले. मग उठता उठता म्हणाले, "डोले सारखे हायत. द्यायला हरकत नाय." त्या एका वाक्यावर आपलं लग्न ठरलं असं बायको आजही म्हणते. ते कौतुकानं म्हणते की पश्चात्तापानं, हे मी विचारत नाही.

डोळ्यांचा हा सोस उगाच नव्हता. मामा हमरापुरातल्या कारखान्यांमधून गणपतीचे डोळे आखायचे. मूर्तीची माती, साचा, रंग, दागिने, सगळं होऊन गेलं की शेवटी आखणीवाला येतो, आणि तो येईपर्यंत ती मूर्ती नुसती रंगवलेली माती असते. मामा आले की कारखान्यातला रेडिओ बंद व्हायचा. नवा ब्रश ते आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर ओढून बघत, त्यामुळे हंगामात त्यांच्या नखावर कायम एक काळी रेघ असायची. ब्रश पसंत पडला की श्वास रोखून एका दमात पापणी ओढायची. दोन डोळ्यांत केसाचा फरक नाही. कुठल्याही कोपऱ्यात उभे राहा, गणपती तुमच्याकडेच बघतो. एवढे डोळे आखून मामांची पक्की खात्री झाली होती की बघणारा कोण आणि नुसता डोळे असलेला कोण, हे आपल्याला कळतं. आणि अशा माणसाच्या हातात नियतीनं स्मार्टफोन दिला.

नियतीनं म्हणजे कारखानेवाल्यांनीच. ते मूर्तींचे फोटो पाठवायला लागले, मग मामांचाही नाइलाज झाला. फोन डब्यातून बाहेर काढला तोच मामांनी ओळखलं, "ह्यो बगतोय." दहा मिनिटांत पुढच्या कॅमेऱ्यावर शाडूच्या मातीची टिकली बसली. शाडू वाळला की गळून पडतो, म्हणून दर आठवड्याला नवी टिकली. पण हाताची सवय कुठे जाते? त्या हरभऱ्याएवढ्या टिकलीवर त्यांनी बारीक ब्रशनं एक मिटलेला डोळा काढला. जन्मभर उघडे डोळे आखणाऱ्या मामांचा तेवढा एकच मिटलेला. घरात फोन कायम पालथा. प्रवासात तर मूर्ती नेतात तसा तोंडावरून लाल रुमाल टाकून, दोन्ही हातांत धरून न्यायचे. एकदा रोह्याच्या गाडीत कासूला चढलेल्या एका बाईंनी त्या रुमालाला हात जोडले. मामांनी गंभीरपणे मान हलवली आणि रोहा येईपर्यंत त्या बाईंवरही नजर ठेवली.

फोन आला तसा ब्राउझरचा प्रश्न आला. सगळ्यात चांगला ब्राउझर कोणता, हा प्रश्न तुम्हीआम्ही विचारतो तो वेगासाठी किंवा जाहिराती टाळण्यासाठी. मामांना वेगाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना हवा होता एक ब्राउझर, जो विचारलेलं उत्तर देईल आणि विचारलं होतं हे विसरून जाईल. पेणच्या मोबाइलवाल्याला विचारलं, त्यानं चटकन एक नाव सांगितलं. झालं, तो ब्राउझर बाद. "विचारायच्या आदी उत्तर तयार होता त्याच्याकडं. म्हंजे त्याला कायतरी मिलत असनार." मला विचारलं तेव्हा मी शहाणपणानं थोडा वेळ घेतला, तर म्हणाले, "येवढा विचार कशाला करावा लागतो, जावयबापू?" मग त्यांनी स्वतःच अभ्यास सुरू केला. एका ब्राउझरच्या अटी आणि शर्ती त्यांनी भिंग घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. हे काम करणारा दुसरा माणूस पृथ्वीतलावर असेल असं मला वाटत नाही. वाचून झाल्यावर निर्णय दिला, "ज्याच्या मनात काय नाय त्याची चिट्टी चार ओलींची असते." दुसऱ्यात खाजगी खिडकी होती, तिच्यात केलेलं काही मागे राहत नाही म्हणे. मामा त्या खिडकीकडे बराच वेळ बघत होते. "खरंच गुप्त असती," ते म्हणाले, "तर मना दिसली असती काय?"

शेवटी तीन ब्राउझर उरले. त्यांची खरी नावं मी लिहीत नाही. मामांच्या संगतीत मलाही तेवढी सावधगिरी आली आहे. फोनसोबत आलेला तो आंदण, निळ्या चिन्हाचा तो निळोबा आणि कमीत कमी परवानग्या मागणारा तो मुका. या तिघांची मामांनी अशी परीक्षा घेतली की पोलिसांनी धडा घ्यावा. प्रत्येकाला एक वेगळी थाप सांगायची आणि कुठली थाप फिरून परत येते ते बघायचं. आंदणाला सांगितलं, मला शेळ्या पाळायच्या आहेत. निळोबाला सांगितलं, मला मधुचंद्रासाठी केरळला जायचं आहे. मुक्याला सांगितलं, मला टक्कल पडतंय. मामांच्या डोक्यावर अजून पेंढ्यासारखे केस आहेत. दोन दिवसांत शेळ्यांच्या जाहिराती आल्या आणि आंदण गेला. तिसऱ्या दिवशी मामींनी हिशेब करायला पालथा फोन सरळ केला, तर आत नारळाच्या झाडांखाली एक जोडपं, आणि 'तुमच्या मधुचंद्राची तयारी झाली का?' मामी शांतपणे म्हणाल्या, "मी लगीन होऊन आली तवापासून खोपोलीच्या पलीकडं गेली नाय. आता कोनाला नेताव ते तरी सांगा." मामांनी परीक्षेची सगळी रीत समजावून सांगितली. मामींचा त्यावर आजतागायत विश्वास बसलेला नाही. संशय हा मामांच्या घरचाच माल, तो कधीतरी उलटणारच.

टकलाची जाहिरात मात्र आली नाही. पंधरा दिवस वाट बघून मामांनी मुक्याला पास केलं. तरीही खरं काम त्याच्याकडे सोपवायचं ते गावात नाही. गावात टॉवरसुद्धा ओळखीचा. म्हणून दर रविवारी मामा लाल रुमालातला फोन घेऊन रोह्याला आमच्याकडे यायचे, आमचं वायफाय लावायचे आणि गॅलरीत भिंतीकडे तोंड करून तासभर बसायचे. चहा नेऊन दिला की फोन पालथा. काय बघताय असं विचारलं की "हवामान." भिंतीकडे तोंड करून हवामान बघणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. आम्ही नवराबायको आत बसून हसायचो. मी तर कंपनीत दुपारच्या सुट्टीत त्यांची नक्कल करायचो. ते आज आठवलं की बरं वाटत नाही.

आषाढातली गोष्ट. कंपनीत डबा खाताना माझ्या फोनवर जाहिरात आली, 'हात थरथरतात?' मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळी पुन्हा तीच. दुसऱ्या दिवशी बायकोनं तिचा फोन पुढे केला, "अहो, हे काय येतंय सारखं? लिहिताना हात कापतो का म्हणून विचारतायत." कंपनीतल्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, एका वायफायवरचे फोन हे लोक एकाच घरातले धरतात. घरातल्या एकानं काही शोधलं की दुसऱ्यालाही दाखवतात. मी घरी आलो तो चप्पल न काढताच दारात उभा राहिलो. गेले दोन-तीन रविवार मामा चहा अर्धाच ठेवून जात होते. कप दोन्ही हातांनी धरत होते. कॅमेऱ्यावरच्या टिकलीवरचा तो मिटलेला डोळा, त्याची रेघ परवा नागमोडी होती, आणि मी म्हणालो होतो, मामा, आज घाईत काढला वाटतं. ऐन हंगामात त्यांच्या अंगठ्याचं नख स्वच्छ होतं. हे सगळं मी बघितलं होतं, पण मला दिसलं नव्हतं. हमरापुरात ही गोष्ट फुटली असती तर त्याच दिवशी आखणी दुसऱ्याकडे गेली असती. एवढी एक गोष्ट विचारण्यासाठी त्यांना जगातला सर्वांत विश्वासू ब्राउझर हवा होता.

पुढच्या रविवारी मामा आले, भिंतीकडे तोंड करून बसले, उठले. निघताना रुमाल बांधत सहज विचारल्यासारखं म्हणाले, "जावयबापू, तुमच्या फोनवर हल्ली काय येतंय काय? जाहिरात वगैरा?"

"नाही मामा," मी म्हणालो. "शेळीसुद्धा नाही आली."

ते माझ्या डोळ्यांत बघत राहिले. लग्नाआधी बघितलं होतं तसं, तेवढाच वेळ. मग चपलेत घातलेला पाय काढून परत आत येऊन बसले. "खोटा बोलताना तुमचा डावा डोला बारीक व्हतो," ते म्हणाले. "तवा दिसला नाय मना. तवा तुमी खरा बोलत व्हता." मग म्हणाले, "आमच्या पोरीला सांगू नका."

"तिच्याही फोनवर आलंय, मामा."

"म्हंजे घरभर." मामांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि डाव्या हातानं तो धरून ठेवला. "मुका मुकाच राहिला बगा. चुगली केली ती तुमच्या वायफायनं. हितं घरचं म्हनून बसलो मी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, उद्या रजा टाकतो, डॉक्टरकडे जाऊ. त्यावर मामांची एकच अट होती, की केसपेपरवर नाव माझं घालायचं. ती मी मान्य केली नाही, तरी त्यांनी कंपाउंडरला आडनाव जरा हळूच सांगितलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, थरथर कमी होईल, जाणार नाही, बारीक काम आता सोडा. मामांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "खरा बोलतो मानूस." मग जे कोणाला कळू नये म्हणून त्यांनी जिवाचा आटापिटा केला, तेच ते हमरापुरातल्या प्रत्येक कारखान्यात जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगून आले. का, असं मी विचारलं. "दुसरा कोन सांगनार, तो वाढवून सांगनार," म्हणाले. शेवटच्या कारखान्यातून येताना त्यांनी बिनडोळ्यांची एक लहान मूर्ती मागून घेतली. ती आमच्या घरासाठी होती.

ते दोन डोळे आखायला मामांना सबंध सकाळ लागली. कोणी बघायचं नाही, अशी ताकीद होती. चतुर्थीला रुमाल काढला तेव्हा कळलं की डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित बारीक झालाय. गणपती आमच्याकडे बघत होता, पण जरासा संशयानं. बायको हात जोडायचं विसरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, हा अगदी आपल्यातला दिसतो." मामांच्या अंगठ्याच्या नखावर काळी रेघ होती, एक नाही, पाच-सहा, एकावर एक.

मी फोटो काढला आणि कुठे टाकू का, असं भीत भीत विचारलं. "टाका की," मामा म्हणाले. "लोकांना बगू दे. खाली नाव माजा घाला."

त्याला आता बरेच महिने झाले. मामांच्या फोनवर शाडूची टिकली नसते, आता ते कुठल्याही ब्राउझरवर खुशाल हवामान बघतात, आणि खरोखरच हवामान बघतात. तो फोटो मात्र मी कुठेही टाकलेला नाही. कोण कुठून बघेल, त्या डाव्या डोळ्याला काय म्हणेल, सांगता येत नाही. कधी घरात कोणी नसलं की मी तो काढून बघतो, आणि बघून झालं की फोन पालथा ठेवतो.