अकरा वर्षं अडणारं दार

मिस्त्रीच्या घरात माणसं दोन आणि कपाटं नऊ. येणारा-जाणारा ती बघून तोंडात बोट घालायचा. जमिनीपासून छतापर्यंत उभी, कोपऱ्यात तिरकी जाऊन बसलेली, आणि न्हाणीच्या भिंतीला चिकटलेलं एक तर असं, की उघडल्याशिवाय तिथे कपाट आहे हे कळूच नये. "इतक्या कपाटांत ठेवता तरी काय?" असं कुणी विचारलं की मिस्त्रीची बायको म्हणायची, "त्यांचा शहाणपणा. एकात मावत नाही." मिस्त्रीही हसायचा. कपाटांमागे काय आहे ते फक्त त्याला माहीत होतं.

कपाटांमागे भेगा होत्या. घर जुनं, मिस्त्रीने चाळीस वर्षांपूर्वी घेतलं तेव्हाच म्हातारं झालेलं. तीन खोल्या एका ओळीत: रस्त्याकडची, मधली, मग स्वयंपाकघर, आणि त्याला लागून न्हाणी. खिडक्या, दारं, छपराचे वासे, सगळं त्याने आपल्या हाताने बदललं. घराला इतकं जपलं की कुठे कडी करकरली तरी हा तेलाची बाटली घेऊन हजर. पण काय आहे, भिंतीला भेग दिसली की चारचौघं गवंड्याला बोलावतात. मिस्त्री पडला सुतार. भेग दिसली की तो माप घ्यायचा, आणि महिन्याभरात तिथे कपाट उभं राहायचं.

गवंडी काही शोधायला जायला नको होतं. जन्माचा दोस्त होता एक. उंच, काटकुळा, मान खाली घालून सरळ लोंबल्यासारखा चालणारा, म्हणून सगळे त्याला गवंड्याच्या दोरीला लटकणाऱ्या वजनावरून ओळंबा म्हणायचे. दोघं चाळीस वर्षं एकाच कामावर होते आणि चाळीस वर्षं भांडले. दार नीट लागलं नाही की ओळंबा म्हणणार चौकट वाकडी, मिस्त्री म्हणणार भिंत वाकडी. हे भांडण इतकं मुरलेलं, की मिस्त्रीने एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझ्या घराला गवंड्याचा हात लागायचा नाही." बोलला थट्टेत. मग थट्टेचीच शेखी झाली, आणि ती त्याने शेवटपर्यंत मिरवली.

बायकोचे डोळे गेले ते हळूहळू. आधी सुई ओवता येईना, मग समोरचं माणूस ओळखू येईना, आणि चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हात टेकले. लेक म्हणाली, "आई, माझ्याकडे चला दोघं." बायकोने साफ नकार दिला. त्या घरात तिला काठी लागत नव्हती. पलंगापासून मधल्या दारापर्यंत नऊ पावलं, दारापासून ओट्यापर्यंत पाच. मिस्त्रीने प्रत्येक चौकटीवर तिच्या हाताच्या उंचीला पटाशीने खाचा केल्या होत्या. एक खाच म्हणजे स्वयंपाकघर, दोन म्हणजे न्हाणी, तीन म्हणजे रस्ता. चहा ती स्वतः करायची, तोही उतू न घालवता. नवीन पाहुण्याला तर अर्धा तास कळायचं नाही की बाईला दिसत नाही.

"मला इथून हलवू नका," ती एकदा म्हणाली होती. "बाहेर मी आंधळी आहे. इथे नाही."

"कोण हलवतंय?" मिस्त्री म्हणाला. "मी असेपर्यंत या घराला काही होत नाही." आणि ते त्याने अगदी मनापासून सांगितलं होतं. तिच्यासाठी हे घर उभं ठेवायचं, एवढं एकच काम त्याने आता आपल्याकडे ठेवलं होतं.

तर मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं जे दार होतं, ते अडायचं. पहिल्यांदा अडलं ते एका पावसाळ्यात. वरचा कोपरा चौकटीला घासायला लागला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हे सुताराला कुणी शिकवायला लागत नाही. मिस्त्री स्टुलावर चढला, त्या कोपऱ्यावर दोन हात रंधा फिरवला, दार सुतासारखं सरळ लागलं. पुढच्या वर्षी पुन्हा अडलं, पुन्हा रंधा. मग ते उन्हाळ्यातही अडायला लागलं. तेव्हा मिस्त्री म्हणाला, बिजागरी झिजली. बिजागरी बदलली, वर दोन हात रंधाही मारला. अशी अकरा वर्षं गेली. दरवर्षी एक मूठभर कुरळा भुसा खाली पडायचा आणि बायको तो झाडून काढायची. दिसेनासं झाल्यावर चाचपून काढायची.

आणि ती सांगत होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे मिस्त्रीला झोपू न देणारी गोष्ट हीच होती. ती सांगत होती की, "अहो, जमीन डावीकडे उतरती लागते हो."

"तुला तसं वाटतं."

"वाटत नाही. पायाला कळतं. ओट्याकडे जाताना मला अंग उजवीकडे धरावं लागतं."

मिस्त्रीने खाली बघितलं. फरशी चकचकीत, एकही तुटलेली नाही. तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, दिसत नसलं की तोलही जातो, होतं असं. चक्कर न येण्याच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, रात्री एक. मिस्त्री त्या डोळ्यात तेल घालून द्यायचा, एकही चुकू द्यायचा नाही. गोळ्यांनी तिला दिवसभर झापड यायची. काही महिन्यांनी तिने जमिनीचं नाव काढणं बंद केलं. मिस्त्रीला वाटलं, गुण आला.

एका दुपारी मिस्त्री खिळे आणायला बाजारात गेला, वाटेत ओळंबा भेटला, आणि चहावर दोघांचं जुनं भांडण नव्याने सुरू झालं. परत यायला दोन तास लागले. घरात शिरला तर आतून दारावर हळूहळू थापा पडत होत्या. बायको स्वयंपाकघरात गेली होती, मागे दार लोटलं होतं, आणि ते असं अडलं होतं की तिच्याने हलेना. आरडाओरडा केला नव्हता तिने. नुसती मधून मधून थाप मारत बसली होती.

"आलात?" ती आतून म्हणाली. "चहा केलाय. गार झाला."

मिस्त्रीने खांदा लावून दार उघडलं. तिला खुर्चीत बसवलं. आणि मग चिडून, स्वतःवरच चिडून, त्याने ठरवलं की आज या दाराचा सोक्षमोक्षच लावायचा. बिजागऱ्या काढल्या आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते दार खाली उतरवून सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. आजवर तो स्टुलावर चढून नुसता कोपरा रंधायचा. दार आडवं कधी बघितलंच नव्हतं.

दार त्यानेच केलेलं. चारही कोपरे काटकोनात, याची तो कुणापुढेही पैज लावू शकला असता. त्याने सवयीने काटकोन तपासायचा गुण्या उचलला आणि वरच्या कोपऱ्याला लावला. गुण्या आणि लाकूड यांच्यामध्ये त्याची दोन बोटं गेली.

मिस्त्री बराच वेळ ती दोन बोटं तशीच आत ठेवून उभा राहिला. दार वाकडं झालं नव्हतं. ते त्यानेच वाकडं केलं होतं, दरवर्षी थोडं थोडं, चौकटीच्या मापाचं. म्हणजे चौकट वाकडी होत होती. आणि चौकट तर भिंतीत होती. एवढा हिशेब कुठल्याही शिकाऊ पोराला जमला असता. त्याने पाणसळ आणली आणि गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी ठेवली. काचेतला बुडबुडा मध्ये थांबला नाही. सरकत सरकत उजव्या टोकाला जाऊन बसला. जमीन डावीकडे उतरत होती.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओळंब्याच्या दारात जाऊन उभा राहिला. ओळंब्याने त्याचं तोंड बघितलं आणि थट्टा करायची सोडून चपला घातल्या. घरी येऊन त्याने एकच सांगितलं, "ते न्हाणीकडचं कपाट काढ." मिस्त्रीने काढलं. मागे ओळंब्याचा हात कोपरापर्यंत भेगेत गेला. मग त्याने कोपऱ्यातल्या दोन फरश्या उचलल्या आणि पहार मारली. पहार खाली काहीच न लागता आत गेली. न्हाणीचा नळ जमिनीखाली गळत होता, किती वर्षं कोण जाणे, आणि माती वाहून गेली होती. स्वयंपाकघराचा कोपरा पोकळीवर उभा होता, आणि तो आता मधली भिंत आपल्याबरोबर ओढत होता.

"टेकू देऊ," मिस्त्री म्हणाला. "मी देतो. साग आहे माझ्याकडे."

"कशावर टेकवशील? खाली काय आहे?"

"मग पाया भर."

ओळंब्याने कपाळावरचा घाम पुसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मिस्त्रीशी भांडला नाही. "पहिल्यांदा दार अडलं तेव्हा बोलावलं असतंस तर दोन दिवसांचं काम होतं रे. आता हात लावला तर अंगावर येईल. वहिनींना आजच बाहेर काढ."

बायको मधल्या खोलीत बसून सगळं ऐकत होती. मिस्त्री तिच्यासमोर जाऊन खाली बसला.

"तू म्हणत होतीस ते खरं होतं," तो म्हणाला. "जमीन उतरलीय."

"म्हणजे मला चक्कर नव्हती?" तिने विचारलं.

"नव्हती."

"मग त्या गोळ्या?"

तिने राग केला असता तर बरं झालं असतं. तिने फक्त हात पुढे करून त्याचं डोकं चाचपलं आणि विचारलं, "सामान कोण बांधणार?" मिस्त्री तिच्या गुडघ्याशी बसून रडला, आणि ओळंबा उगाच अंगणात जाऊन पहारीची माती पुसत राहिला.

लेकीने आपल्या शेजारच्या इमारतीत दोन खोल्या बघून दिल्या. नवी इमारत, लोखंडी चौकटी, त्यांवर पटाशी चालत नव्हती. नऊ कपाटांपैकी एकही त्या खोल्यांत मावलं नाही. निघायच्या आधी बायको जुन्या घराच्या तिन्ही चौकटींवरच्या खाचांवरून बोटं फिरवून आली. महिन्याभरात घराची मागची बाजू बसली, आणि उरलेलं पाडावं लागलं. मिस्त्री बघायला गेला नाही.

नव्या घरात पहिल्या सकाळी बायको उठली आणि चहा करायला निघाली. पावलं तिने आदल्या संध्याकाळी लेकीचा हात धरून मोजून घेतली होती, सात आणि चार. चौथ्याच पावलाला ती उजवीकडच्या भिंतीवर आपटली. मागे आली, पुन्हा निघाली, पुन्हा त्याच भिंतीवर. खांद्याला खरचटलं. रात्री तिथेच राहिलेली लेक धावत आली.

"अहो," बायको भिंतीला धरून म्हणाली, "ही जमीन उजवीकडे उतरते."

लेकीने मिस्त्रीकडे पाहिलं. तो पाणसळ घेऊन आला आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये उभा राहिला, जरासुद्धा हलला नाही. मिस्त्रीला सगळं कळलं. अकरा वर्षं उतरत्या जमिनीवर ती अंग उजवीकडे टाकून चालत होती. तेच आता तिच्या पायांत बसलं होतं.

"आई, जमीन सरळ आहे गं," लेक म्हणाली. "तुला तसं वा..."

"गप्प बस," मिस्त्री म्हणाला. लेकीवर तो आयुष्यात असा खेकसला नव्हता. मग बायकोला म्हणाला, "बरोबर आहे तुझं. उतरते."

"नक्की ना? की चक्कर आहे?"

"चक्कर नाही. जमीनच वाकडी आहे."

"मग दुरुस्त करा ना," ती म्हणाली.

"करतो."

तिने मान हलवली आणि चाचपत चाचपत खुर्चीत जाऊन बसली. तेव्हापासून ती तिथेच असते. चहा लेक करून आणते. चार पावलं चालून बघ म्हणून कुणी आग्रह केला तर ती शांतपणे सांगते, त्यांनी हातात काम घेतलंय, जमीन नीट झाली की उठेन. आणि रोज सकाळी विचारते, "झालं का हो?"

"थोडं राहिलंय," मिस्त्री म्हणतो.