भाऊजींचा बेचाळीस टन गारवा

अशा जवळ सरकून बसा बघू. आणि तो मोबाईल ठेवा बाजूला. वर्षवर्ष तोंड दाखवायचं नाही आणि आलात की मान खाली, हे काही बरं नव्हे. ऐका, आमच्या धाकट्या भाऊजींइतका मोजामापाचा नाद असलेला माणूस सातारा-सांगलीत दुसरा झाला नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. फौजेतली निम्मी नोकरी बर्फात काढलेली, त्यामुळे कुणी गारठ्याचं नाव काढलं की म्हणायचे, "थंडीचं मला शिकवू नका." खिशात पेनाशेजारी थर्मामीटर. चहा प्यायच्या आधी तो कपात बुडवायचा, गोठ्यात म्हशीच्या पाठीला लावायचा. एकदा माझ्या तव्यावरच्या भाकरीत खुपसला आणि आकडा वहीत लिहून ठेवला. कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

पण पुढं त्यांनी एसीच्या हिशेबाची वही घातली, तिच्यामागं कारण होतं. थोरल्या लेकीच्या लग्नात पत्र्याच्या मांडवात माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, उकाड्यानं चक्कर येऊन पडली. तिला सावलीत नेलं तोवर इकडं अक्षता पडल्या. आईनं लेकीचं लग्न लागलेलं पाहिलंच नाही. कडेगावच्या रस्त्याला आमचं मंगल कार्यालय उभं राहिलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, धाकटीचं लगीन हितंच. आन् सेंट्रल एसी बसवायचा."

आता बसवायचा तर किती मोठा? ऊस टनावर जातो हे मला ठाऊक, पण गारवाही टनावर मोजतात हे तेव्हा कळलं. साताऱ्याचा दुकानदार म्हणाला पन्नास, सांगलीचा म्हणाला तीस. भाऊजी म्हणाले, "ऐंशी घ्या. कमी पडाय नको." मग शिरवळहून एक इंजिनिअर आला, तो म्हणतो, "काका, जादा मोठं यंत्र भसकन गार करतं आणि थांबतं, हवा ओलसर राहते. माणसं गारठतील आणि चिकचिकतीलही. आधी सांगा, माणसं किती? माणसागणिक ऊब असते."

झालं! भाऊजींनी बचत गटाच्या साठ बायका हॉलमध्ये बसवल्या, दारं लावली आणि मधोमध थर्मामीटर टांगला. वर हुकूम, "बोलायचं न्हाई. बोलल्यावर गरम हुतंय!" साठ बायका आणि बोलायचं नाही! शेजारची फातिमाभाभी म्हणालीच, "आवं भाऊजी, आमी काय अंडी हाय व्हय, उबवाय ठिवलीया?" आकडा चढला खरा, पण तो उन्हानं चढला की हसण्यानं, कुणालाच कळेना. शेवटी बेचाळीस टन ठरले. का, ते मला विचारू नका. मी ती वही दोनदा पाहिली. उन्हानं तापणारी पश्चिमेची भिंत हिशेबात मिळवायची की वजा करायची, तेही मला उमगलं नाही.

लग्नादिवशी यंत्र घुमलं, हॉल झऱ्यासारखा गार झाला. मग पाव्हणे यायला लागले आणि भाऊजींचा चेहरा उतरला. तिन्ही दारं सताड उघडी! आमच्याकडं लग्नात दार लावत नाहीत. आल्या माणसाच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं. साऱ्या गोष्टी मोजल्या, पण ही गोष्ट इंजिनिअरला कुणी सांगितलीच नव्हती. आत बायका घामेजल्या आणि दाराबाहेर उभे राहिलेले बापे म्हणतायत, "लय गार वारं सुटलंय गड्या!"

"काका, दारं लावा!" इंजिनिअर ओरडला.

"पाव्हण्यांच्या तोंडावर?"

भाऊजींनी बायकोकडं पाहिलं. ती पदरानं वारा घेत होती, ओठ सुकलेले. त्यांनी खिशातून थर्मामीटर काढला आणि भर गर्दीत हात उंच धरून छतातल्या गार हवेच्या एकेका जाळीखाली हिंडायला लागले. मंगलाष्टका सुरू, भटजी बघतायत, व्याही बघतायत, आणि नवरीचा बाप फेटा सावरत छत बघतोय! स्टेजच्या डाव्या अंगाला पारा सगळ्यात खाली उतरला तसे ते थांबले. तिथं खुर्ची मांडली, बायकोला हाताला धरून बसवलं. शेवटच्या मंगलाष्टकेला ती कुडकुडायला लागली. "आवं, शाल तरी द्या की!" आहेरातली शाल गुंडाळूनच तिनं लेकीवर अक्षता टाकल्या. भाऊजींनी त्यादिवशीचा आकडा काही वहीत लिहिला नाही.

आता दोन्ही लेकी सासरी. परवा गेले तर ओसरीवर वही घेऊन बसलेले. म्हणाले, "वहिनी, घरात दोघंच ऱ्हायलो. हिशेब एवढुसा झालाय, आन् जमंना." पानावर 'माणसं' असं लिहून पुढं दोनाचा आकडा, खाली सगळं कोरं. भर वैशाखात मला ते घर गार लागलं. म्हणून सांगते, जाताना त्यांच्या ओसरीवर घटकाभर टेका, आणि सणावाराची वाट न बघता परत या. तेवढीच एका माणसाची ऊब वाढेल.