चपला बाहेर

झेरॉक्सचं मशीन तापलं की जो उग्र वास येतो, त्याने माझं डोकं आजही सणकतं. मलकापूरच्या दवाखान्यात आबांच्या उजव्या पायाला पिशवी बांधून जखम भरायला तिच्यात ओझोन वायू सोडायचे, तेव्हा हाच वास यायचा. शुगरने चिघळलेली जखम खरंच भरत आली होती. पण दारावर पाटी होती, 'चपला बाहेर काढा', आणि शुगरने पाय बधिर झाल्याने चटकाही न कळणारे पेशंट उन्हाने तापलेल्या फरशीवर मुकाट अनवाणी उभे राहायचे. "आबा, चप्पल घाला," मी म्हणाले. "आगं, डाक्टरच्या दारात चपला घालत्यात व्हय? आन मला कुटं काय भाजतंय." घरी येऊन पाहिलं तर डाव्या तळव्यावर टरारलेला फोड. दुसऱ्या दिवशी मी भांडायला गेले, तर कंपाउंडर म्हणाला, "ताई, आधी चपला काढा." आबांचा उजवा पाय बरा झाला आणि तो फोड चिघळून डावा गुडघ्याखाली कापावा लागला. परवा तिथून गेले. दवाखाना दुमजली झालाय, पाटी तीच आहे, आणि पाटीखाली त्याच डॉक्टरांनी पाय जपायला म्हणून पेशंटना घ्यायला लावलेल्या मऊ तळाच्या चपला ओळीने काढून ठेवल्या होत्या.