गंगुबाईंच्या पंगतीतली मतं

"जे उत्तर आपल्याला हवंसं वाटतं, त्याचीच परीक्षा आधी घ्यावी," असं कुशाबा शिंगटे एकदा म्हणाले होते. परळच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत. राजकारणालाही तीच रीत लावावी, असं त्यांना वाटे. अंदाज बांधायचा, तो कशानं खोटा ठरेल ते आधीच सांगायचं आणि मग लोकांना विचारायचं.

सत्तावनची निवडणूक जवळ आली होती. कुशाबा स्वतः संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या समितीचे. डिलाईल रोडवर गंगुबाईंच्या खाणावळीत ते जेवत. तिथल्या गिरणी कामगारांना त्यांनी पंगतीतच विचारलं, मत कुणाला? एकजात सगळे म्हणाले, समितीला. प्रचाराचं काम बघणारा जयवंत खूश झाला.

"मास्तर, ही गल्ली आपलीच. इथली प्रचाराची पोरं उद्या माटुंग्याला धाडतो, तिकडं गरज आहे."

कुशाबांना चैन पडेना. विचारलं तेव्हा गंगुबाई आमटी वाढत होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर आदल्या वर्षी झालेल्या गोळीबारात त्यांचा मुलगा रघु गेला होता. त्यांच्या हातचं जेवताना दुसरं उत्तर कोण देणार?

म्हणून पंगतीतल्या दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांना त्यांनी गिरणीच्या फाटकाजवळ एकेकटं गाठून पुन्हा विचारलं.

"महाराष्ट्र पायजेच की," दगडू बिडी विझवत म्हणाला. "पण मत जॉबर सांगंल तिकडं. त्यानंच कामाला लावलंय. बाईला ह्ये सांगू नका, मास्तर."

बरेच जण असंच काहीसं बोलले.

पुढच्या पंगतीला जयवंत निघण्याच्या घाईत होता. कुशाबांनी त्याला थांबवलं. "पोरं हलवू नकोस. इथली मतं पक्की नाहीत."

"काय मास्तर! तुम्हीच विचारलंत ना?"

"चुकीच्या जागी विचारलं. इथं कुणी खरं बोलत नाही."

पंगतीतल्या माना खाली गेल्या. गंगुबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"कोण खोटं बोललं? नाव सांगा."

शेजारी दगडूचा घास हातातच थांबला. कुशाबा त्याच्याकडे बघत नव्हते.

"माझ्या रघुला जाऊन वर्ष झालं. त्याच्याच घरात बसून?" गंगुबाईंचा आवाज फाटला. "का तुम्हीच फिरलात, मास्तर?"

"नाव नसेल तर शब्द मागं घ्या," जयवंत म्हणाला. "मग मीही पोरं धाडायला मोकळा."

कुशाबा उठले. वाढलेल्या ताटाला त्यांनी हात जोडले, चपला पायात सरकवल्या आणि नाव न सांगता, शब्दही मागं न घेता ते बाहेर पडले.