तिकोनबाईंचं गप्प बसणं

तिकोनबाई गप्प बसल्या की समोरच्या बाईला बोलावंच लागे. माझ्यासारखीलासुद्धा, जिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोचत नसे.

त्या कुटुंब नियोजनाच्या नर्स होत्या. खांद्यावरच्या पिशवीवर लाल त्रिकोण होता, म्हणून आमच्या महाल भागातल्या गल्लीत सगळ्या त्यांना तिकोनबाई म्हणत. पांढरी साडी, तोंडात सुपारी. घरात शिरताच म्हणत, "चहा मांड वं, मंग भांडू." सरकारी माणसं येऊन भाषण करत, या करत नसत. "तुले काय पाहिजे?" एवढंच विचारत आणि सुपारी चघळत बसत. सुनेच्या आधी सासू बोलू लागली तर म्हणत, "तुमचं झालं जी माय. आता इचं ऐकू द्या."

ओट्यावरचे पुरुष टोमणे मारत. "बाई, आमची गल्ली रिकामी करता का?"

"आधी तुमच्या घरात पाय ठेवाले जागा तं होऊ द्या गा भाऊ," असं म्हणून त्या आत शिरत.

माझी पहिली मुलगी. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाईंनी, हौसेनं डोहाळजेवण केलं. तिकोनबाईंनाही बोलावलं. झाकलेल्या दोन वाट्या समोर ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी एक उघडली, पेढा निघाला. बायांनी टाळ्या वाजवल्या, आत्याबाई फुलल्या. तिकोनबाईंनी सहज हात लांबवून दुसरी वाटी उघडली. तिच्यातही पेढाच.

"काहून जी माय, बर्फी कुठं गेली?"

"हलवायाजवळची संपली होती," आत्याबाई म्हणाल्या.

"मंग पोरगी झाली तं हिले नका बोलू. हलवायाले बोला." आणि तो दुसरा पेढा त्यांनी तोंडात टाकला. आत्याबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

मुलगीच झाली. तिकोनबाई पावशेर बर्फी घेऊन आल्या.

धाकटी बसू लागली, त्या सुमारास सीताबर्डीवर एका शिवणाच्या केंद्रात मला काम मिळत होतं. शाळेचे ड्रेस शिवायचे. मला जायचं होतं. पण आत्याबाईंचं एकच, "एक पोरगा होऊ दे, मंग जा कुठं जायचं तं." तिसरं लेकरू झालं की मशीन हातची गेली, हे मला कळत होतं. यांना विचारलं तर हे म्हणत, "मायले विचार."

अशात एका सकाळी तिकोनबाई आल्या. आत्याबाई तांदूळ पाखडत होत्या, हे आरशापुढे दाढी करत होते. बाईंनी मला नेहमीचा प्रश्न विचारला. मी खाली पाहिलं.

"तिले काय पाहिजे," आत्याबाई म्हणाल्या, "पोरगाच पाहिजे."

तिकोनबाईंनी नुसता हात वर केला. मग त्या सुपारी चघळत बसल्या. चहावर साय धरली. हे अर्धी दाढी तशीच ठेवून माझ्याकडे बघू लागले.

"मले या दोघी पुरे," मी म्हणाले. "ऑपरेशन करायचं आहे. अन् मशीनवर जायचं आहे."

आत्याबाई बराच वेळ सूप हलवत राहिल्या. त्यांना स्वतःला नऊ झाली होती, हाती पाच लागली. मग म्हणाल्या, "एवढं बोलता येते तुले? मले वाटलं, मुकी सून आणली." आणि यांच्याकडे वळून, "तोंडाचं साबण पुस गा. जा तिच्यासंगं दवाखान्यात."

ऑपरेशन रामदासपेठेत झालं. मी कामावर जाऊ लागले आणि धाकटीला आत्याबाईंनीच सांभाळलं. "आमची सून ड्युटीवर जाते," हे त्या पार इतवारीपर्यंत सांगून आल्या. हळूहळू गल्लीतल्या इतर सुनाही दोन-तीनवर थांबू लागल्या. कोणी बालवाडीत लागली, कोणी माझ्याबरोबर शिवणात. संध्याकाळी ओट्यावर बसायला आता जागा सापडे.

मग तिकोनबाईंची चंद्रपूरला बदली झाली. निरोप घ्यायला आल्या, तेव्हा मी धीर करून विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

"बाई, तुमाले किती लेकरं?"

"सहा."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या.

"सहाही गुणाची आहेत, एकही वापस नाही देणार मी," पिशवी खांद्याला अडकवत त्या म्हणाल्या. "पण मले तवा कोणी विचारलंच नव्हतं वं."