काकांच्या टाकीचे सहा तास

चंदीगडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या खाली राहणाऱ्या काकांची बदली होऊन वर्षं झाली, पण त्यांची माशांची टाकी अजून डोळ्यांसमोर आहे. मासे चारच, बाकी सगळं पाणगवत. वर ट्यूब, दुपारी तीन ते रात्री नऊ, पक्के सहा तास. नवं रोप लावलं की ट्यूबखाली मलमलीचे तीन पदर. दर रविवारी त्यातला एक काढायचे. "एकदम उजेड सोसत नाही रे त्यांना," असं तान्ह्या बाळाबद्दल बोलावं तसं म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात वीजटंचाई होती. कॉलेजातल्या आमच्या संघटनेसाठी मी पत्रक लिहिलं: खेडी अंधारात, बाबूंच्या माशांना ट्यूबलाइट! छापण्याआधी त्यांच्याच हातात दिलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "बरोबर आहे तुझं. पण यांची वेळ मोडली तर सगळं सडेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो, तर घरातले बाकी सगळे दिवे बंद. टाकीला खुर्ची भिडवून काका त्या हिरवट उजेडात पेपर वाचत होते, शेजारी काकू मेथी निवडत होत्या.

"ये, नेत्या," काका म्हणाले. "आमच्या वाटणीचे बंद केलेत. एवढ्यावर भागेल ना?"

काकूंनी सरकून मला जागा करून दिली.