पार्ट जहाजात आहे

वर्कशॉपमधले मेकॅनिक त्यांना पाठीमागे 'येतोयराव' म्हणत. गिऱ्हाइकाने काउंटरवर येऊन विचारलं, "काय हो, आमचा पार्ट?" की त्यांच्या तोंडून आपसूक निघायचं, "येतोय. जहाजात आहे." बारा वर्षं एका परदेशी मोटार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते सुपरवायझर होते, आणि या बारा वर्षांत दिवसाकाठी चार-पाच वेळा तरी ते हे वाक्य बोलले असतील. स्वतः त्यांनी समुद्रातलं जहाज एकदाही पाहिलं नव्हतं.

गाडी वाईट होती म्हणावं, तर तसंही नाही. दार लावलं की असा भरीव आवाज यायचा की माणूस उगाच दोनदा उघडून लावायचा. मोठ्या रस्त्याला लागली की पोटातलं पाणी हलायचं नाही. म्हणूनच येतोयरावांचा जास्त जळफळाट व्हायचा. गाडी मुळातच भंगार असती तर त्यांनी कधीच हात झटकले असते. पण इतकी चांगली गाडी, आणि ती करणाऱ्यांना ती कुठे चालणार आहे याचा पत्ता नाही!

गाडीचं पोट जमिनीला इतकं जवळ, की घरची चार माणसं बसली की प्रत्येक गतिरोधकावर खालून खरवडल्याचा आवाज. हॉर्न असा नाजूक, की कंपनीच्या देशात तो वर्षाकाठी दहा वेळा वाजत असावा. इथे तो दहा मिनिटांत तेवढा वाजायचा आणि वर्षाच्या आत मान टाकायचा. मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा नाही, आणि इथे तर घरातलं सगळ्यात मानाचं माणूस मागे बसतं. येतोयराव हे सगळं दर महिन्याच्या अहवालात लिहीत. फॉर्ममध्ये अशा गोष्टींसाठी रकानाच नव्हता, म्हणून शेवटच्या 'इतर' या रकान्यात, बारीक अक्षरात, कडेकडेने.

एकदा कंपनीचे परदेशी साहेब आले. चांगले सहा फूट उंच. येतोयरावांनी त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि मुद्दाम बाजारातून फिरवून आणलं. साहेबांचे गुडघे हनुवटीला लागले. एका गतिरोधकावर गाडीचं पोट असं घासलं की साहेबांनी डोळे मिटले. उतरल्यावर त्यांनी वहीत तीन पानं लिहून घेतली, हात घट्ट दाबला, म्हणाले, "फार मोलाचं सांगितलंत."

दीड वर्षाने नवं मॉडेल आलं. पोट तिथेच, सीट तीच, हॉर्न तोच. फक्त दार उघडलं की जमिनीवर कंपनीच्या चिन्हाचा उजेड पडायचा. येतोयराव त्या उजेडाकडे बघत उभे राहिले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती सिस्टरांच्या गाडीने.

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या पायांत जोर उरला नव्हता. तिला आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी न्यावं लागायचं, तेवढ्यासाठी सिस्टरांनी ही गाडी घेतलेली. इंजिन गार ठेवणारं पाणी ज्यातून फिरतं, तो वीतभर रबरी पाइप चिरला. एवढंच. पण कंपनी सुटा पाइप देत नसे. अख्खा जोडसंच मागवावा लागे, आणि तो जहाजानेच यायचा.

सिस्टर दर सोमवारी सकाळी यायच्या. काउंटरसमोरच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसायच्या.

"दादा, आलं का काही?"

"येतोय, सिस्टर. जहाजात आहे."

"बरं. पुढच्या सोमवारी येते."

चढा आवाज नाही, आकांडतांडव नाही. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर येतोयरावांना हलकं तरी वाटलं असतं. त्या नुसतं 'बरं' म्हणायच्या, आणि ते 'बरं' त्यांना दिवसभर टोचत राहायचं.

तीन महिन्यांनी खोका आला. येतोयरावांनी स्वतः फोडला. आत जोडसंच होता, नवाकोरा, पण डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीचा. पाइपचा बाक उलटा. त्यांनी तो पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला, जणू फिरवून सुलटा होणार होता. मग मुख्य कचेरीला फोन लावला.

"चूक झाली खरी," तिकडची मुलगी म्हणाली. "नवीन मागणी नोंदवते हं. अंदाजे चौदा आठवडे."

"अहो ताई, पाइप आहे तो! वीतभर रबर आहे!"

"हो सर. चौदा आठवडे."

त्या संध्याकाळी येतोयराव चिरलेला जुना पाइप पिशवीत घालून थेट मेव्हण्याकडे गेले. मेव्हण्याचा रबरी वस्तूंचे साचे करायचा छोटा कारखाना होता. त्याने पाइप उलटसुलट पाहिला, नखाने टोकरला.

"यासाठी तीन महिने?" तो हसायलाच लागला. "दाजी, परवा घेऊन जा."

"हसू नकोस," येतोयराव खेकसले. "उष्णता सोसली पाहिजे. नाहीतर तुझ्या बहिणीलाच सांगेन."

तिसऱ्या दिवशी पाइप बसला. त्यांनी दोन तास इंजिन चालू ठेवून पाहिलं. थेंब गळला नाही. सिस्टर गाडी घेऊन गेल्या. जाताना काच खाली करून म्हणाल्या, "दादा, जहाज लवकर लागलं की!"

महिन्याभराने तपासणीवाले आले आणि कागदपत्रांत सगळं उघडं पडलं. मॅनेजरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब वयाने लहान, माणूस वाईट नव्हता, पण कंपनीच्या पुस्तकाबाहेर एक पाऊल टाकायचा नाही.

"गाडी परत बोलवा आणि तो पाइप काढा."

"काढून काय लावू?"

"मूळ पार्ट येईल तेव्हा लावू."

"म्हणजे गाडी पुन्हा तीन महिने उभी?"

"उभी राहिली तरी ती आपल्या नियमात उभी राहील. उद्या इंजिन जळालं तर जबाबदार कोण?"

"इतके दिवस सिस्टरांची बहीण घरात अडकली होती, त्याला जबाबदार कोण होतं, साहेब?"

साहेबांनी गाडी परत बोलावण्याचा कागद पुढे सरकवला. येतोयरावांनी सही केली नाही. बाहेर येऊन त्यांनी सिस्टरांना फोन केला: "सिस्टर, इथून कुणीही बोलावलं तरी गाडी आणू नका. काही झालं तर माझ्या घरी या." मग डबा उचलला आणि घरी गेले. पंधरा दिवस कामावरून दूर ठेवल्याचं पत्र मागोमाग आलं.

बाराव्या दिवशी पेपर वाचता वाचता बायको म्हणाली, "अहो, तुमची कंपनी चालली."

"कुठे?"

"परत. देश सोडून. लिहिलंय की इथला ग्राहक अजून अशा गाड्यांसाठी तयार नव्हता."

येतोयरावांनी पेपर हातातून ओढून घेतला. तेच वाक्य चार वेळा वाचलं. "ग्राहक तयार नव्हता? ग्राहक? दर सोमवारी येऊन बसत होता गं तो! आणखी किती तयार व्हायचं होतं त्याने?" ते इतके मोठ्याने ओरडले की शेजारच्यांनी दार उघडलं.

निरोपाच्या बैठकीला ते गेले. तेच उंच साहेब पुन्हा आले होते. भाषण केलं, सगळ्यांचे आभार मानले. चहाच्या वेळी येतोयरावांनी त्यांना गाठलं. "बारा वर्षं मी दर महिन्याला लिहीत होतो. वाचलंत कधी?"

साहेब गोंधळले. शेजारच्या दुभाषी बाईंना काहीतरी विचारलं. त्या संकोचून म्हणाल्या, "'इतर' रकान्याचं भाषांतर होत नव्हतं. वर फक्त आकडे जायचे."

येतोयरावांना वाटलं होतं, आपण आता फाडफाड बोलू. पण समोरच्या माणसाचा चेहरा खरोखरच पडला होता. एवढ्या वर्षांचा राग काढायचा कुणावर? त्यांनी कप खाली ठेवला आणि निघाले.

कंपनी गेली, पण गाड्या थोड्याच गेल्या! सहा महिन्यांत फोन इतके यायला लागले की बायकोने वैतागून मेव्हण्याच्या कारखान्यालगतची मोकळी शेड त्याच्याकडून मागून घेतली. "बसा तिथे आणि काय ते निस्तरा. घरात आवाज नको." येतोयराव म्हणाले, मी काय त्या कंपनीचा वारस आहे? म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता शेड उघडली. आता एखादा रबरी बूच नसला तर शेजारीच करून मिळतो, पत्र्याची पट्टी हवी असली तर समोरचा लोहार ठोकून देतो. चिडचिड मात्र तसूभरही कमी झालेली नाही. गिऱ्हाईक आलं की आधी पाच मिनिटं कंपनीचा उद्धार, मग बॉनेट.

परवा एक मास्तर गाडी घेऊन आले. काम होईपर्यंत स्टुलावर बसले होते. सहज म्हणाले, "आणखी एक परदेशी कंपनी येतेय म्हणे. गाडी देखणी आहे. बघावी का?"

"देखणी असणारच," येतोयराव गाडीखालून म्हणाले. "जाऊन विचारा त्यांना, किती वर्षं राहणार आहात."

"सांगतील?"

"तुम्ही विचारा तर! आणि तो बारा नंबरचा पाना द्या इकडे."